तिखट आणि अंगातील ऊब



ठेचा-भाकरी खाणाऱ्याच्या कपाळावर घाम येतो, कान तापतात, अंगात ऊब भरल्यासारखी वाटते. त्यावरून तिखटाने बळ येते, असा समज खेड्यापाड्यांतून रूढ आहे. एखाद्या चौकस मुलाने याविषयी विचारले, तर शिक्षकाजवळ समर्पक उत्तर हवे.

मिरचीतील दाहक द्रव्यास कॅप्सायसिन म्हणतात. ते मुख्यतः बिया ज्या पांढुरक्या गराला चिकटलेल्या असतात, त्यात असते. बी उगाच बदनाम झाले आहे. जिभेवरील मज्जातंतूंच्या टोकांशी एक ग्राहक असतो. सुमारे ४३ अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागली की तो चेततो आणि कॅप्सायसिनच्या स्पर्शानेही तोच चेततो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली तो ओळखला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. मिरीतील पायपरिनही याच ग्राहकास चेतविते, पण सौम्यपणे. सारांश, तिखट ही खरी चव नव्हे. ती भाजल्याची खोटी वर्दी होय.

वर्दी पोचताच शरीर स्वतःला थंड करू पाहते. म्हणून घाम सुटतो. अ‍ॅड्रेनलिन अधिक स्रवते व साठ्यातील इंधन किंचित अधिक जळते. म्हणजे मिरची ऊर्जा देत नाही, शरीराचीच थोडी खर्च करविते. तो खर्चही दिवसाकाठी फार तर पन्नास उष्मांकांच्या घरात, अर्ध्या भाकरीइतकाही नाही.

आता शाळेतील पोषण आहाराकडे पाहावे. पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५०, २० ग्रॅम डाळीतून ७० आणि ५ ग्रॅम तेलातून ४५ उष्मांक येतात. चिमूटभर तिखटाचा यात हिशेबच नाही. मात्र डाळ कमी पडली आणि तिखट वाढले, तर खिचडी झणझणीत लागते व उणीव झाकली जाते. वाटपापूर्वी शिक्षकाने चव घ्यावयाची असते. त्या वेळी पळीतील डाळही पाहावी.

जहाल खिचडी समोर आली की लहान मूल दोन घासांनंतर पाणी पिऊ लागते. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नसल्याने आग शमत नाही. पोट मात्र पाण्याने भरते आणि ताटात अन्न उरते. दूध वा ताक दिल्यास आराम पडतो, पण ते रोज कोठून आणावे? त्यापेक्षा खिचडी बेताच्या तिखटाची शिजवावी आणि मोठ्या मुलांना हवी असल्यास चटणी वरून वाढावी.