वाचनालय, मोबाईल आणि आपण

(वर्धा जिल्ह्यातील गावोगावच्या महिला गटांच्या आणि वाचनालयांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



'वाचनालये आणि समाजमाध्यमे' हा विषय मला दिला, तेव्हा आपल्यातल्याच एका ताईंनी विचारले, "हा काय बायकांचा प्रश्न आहे?" दारू, मारझोड, मजुरी, सातबाऱ्यावरचे नाव हे सगळे समोर उभे असताना व्हॉट्सअ‍ॅपवर काय बोलायचे? प्रश्न रास्त आहे. पण सातबाऱ्यावर नाव लावायला अर्ज कुठे करायचा, मारझोडीविरुद्ध कायदा काय सांगतो, हे बाईला कुठून तरी कळावे लागते. गावात ते कळण्याची दोन दारे आहेत. एक वाचनालयाचे आणि दुसरे हल्ली हातात आलेले मोबाईलचे. या दोन्ही दारांशी कोण बसलेले आहे, आत कोणाला सोडले जाते, हा नक्कीच आपला प्रश्न आहे.

आधी वाचनालयाबद्दल बोलू. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ही सूत्रे ग्रंथपालांना पाठ असतात. पण 'प्रत्येक वाचक' म्हणताना कोण डोळ्यांसमोर येते? आपल्याकडचे वाचनालय बहुधा संध्याकाळी उघडते. बाकावर पुरुष वर्तमानपत्र वाचत बसतात. ती वेळ बाईची चुलीपुढची असते. सून वाचनालयात जाऊन बसली, तर दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा होते. वाचनालय तिला 'येऊ नको' म्हणत नाही. पण तिने यावे म्हणून काही करतही नाही.

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याआधी १९४८ साली मद्रास प्रांताने कायदा केला, तेव्हा ग्रंथालयांसाठी वेगळा कर बसवला. आपल्या कायद्यात तसा कर नाही. गावातली संस्था वाचनालय चालवते, आणि सरकार अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. खेड्यातली वाचनालये बहुतेक ड किंवा क वर्गात. त्यातूनच भाडे, वर्तमानपत्रे, पुस्तके आणि ग्रंथपालाचे मानधन भागवायचे. अशा वाचनालयाला संगणक घ्या, संकेतस्थळ काढा असे सांगणे म्हणजे थट्टाच. पण ग्रंथपालाच्या खिशात मोबाईल असतोच. म्हणून समाजमाध्यमांचा विचार करायचा. त्यांना वेगळे पैसे लागत नाहीत, आणि आपले वाचनालय जिथे पोहोचत नाही त्या स्वयंपाकघरात ती आधीच पोहोचली आहेत.

आमच्या महिला वाचनालयात हे काम सुरू झाले ते टाळेबंदीमुळे. मार्च २०२० मध्ये सगळी वाचनालये बंद झाली, ती उघडायची परवानगी राज्य सरकारने दिली १५ ऑक्टोबर २०२० पासून. मधले सात महिने कपाटे बंद होती. बायका मात्र कधी नव्हत्या इतक्या घरात कोंडलेल्या, आणि घरातली माणसेही चोवीस तास घरात. तेव्हा आम्ही कपाटातल्या एकेका फळीचे फोटो काढून ओळखीच्या बायकांना पाठवू लागलो. पुस्तकांच्या पाठी वाचता येतील असे फोटो. कोणी "तिसरे, हिरवे पाठवा" असे लिहायची. जिला लिहिता येत नव्हते ती बोलून पाठवायची. पुस्तक पिशवीत घालून आशाताईंच्या किंवा बचतगटाच्या अध्यक्षांच्या घरी ठेवायचे, बाई येता-जाता घेऊन जायची.

ही पद्धत काही नवी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ पासून पुस्तकांच्या पेट्याच घेऊन वाचकांकडे गेली. पेटी बाईच्या दारापर्यंत गेली पाहिजे, हे तत्त्व जुनेच आहे. मोबाईलने एवढेच केले की पेटीत काय हवे ते बाई आधी सांगू शकते. ग्रंथपालाचा खरा उपयोग तिथे होतो. एकीने "गर्भपिशवी काढायला सांगतात, त्यावर काही आहे का?" असे बोलून पाठवले. अशा बाईला पुस्तकही द्यावे लागते आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा सल्लाही. हा प्रश्न तिने वाचनालयाच्या बाकासमोर उभे राहून कधी विचारला नसता.

आता दुसऱ्या दाराकडे वळू. सेवाग्राम आश्रमात तो जुना टेलिफोन आपण सगळ्यांनी पाहिला आहे. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावे म्हणून तो बसवला होता. फोन नेहमीच ज्याला गरज त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे सत्ता त्याच्या सोयीने येतो. घरातही तेच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले की स्वतः वापरायला मोबाईल आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आकडे देशाचे आहेत, पण आपल्या गावातली बाई ते एका वाक्यात सांगते, "माह्याजवळ कायचा फोन, बाई? पोट्ट्याचा हाये थो."

म्हणून पहिला नियम हा, की मोबाईल आला म्हणून वहीतली यादी आणि दारात जाणे बंद करायचे नाही. जिच्याकडे फोन नाही तिला वाचनालयाची बातमी फोन असलेल्या बाईने सांगायची. आम्ही प्रत्येक मोहल्ल्यात अशी एक 'निरोप्याबाई' नेमली आहे. महिन्यातून एकदा नव्या पुस्तकांची यादी कागदावर लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवतो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यापर्यंत आपले काम पोहोचले नाही, तर जी आधीच मागे आहे ती आणखी मागे पडेल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दुसऱ्या एका तालुक्यातल्या वाचनालयाने उत्साहाने सगळ्या सभासदांचा एकच व्हॉट्सअ‍ॅप गट केला. तरुण मुली, म्हातारे, संचालक मंडळ सगळे त्यात. गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. परीक्षेची पुस्तके न्यायला येणाऱ्या एका मुलीला रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. "कोणते पुस्तक वाचतेस?" इथून सुरुवात झाली. तिने घरी सांगितले. भावाने तिचा फोन काढून घेतला, आणि वाचनालयात जाणेही बंद केले. त्रास दिला पुरुषाने आणि पुस्तके बंद झाली मुलीची. ती मुलगी आमच्या गटातल्या एकीची भाची, म्हणून आम्हाला कळले. अशा किती जणी न बोलता गट सोडून गेल्या असतील? वाचनालयाच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे फक्त 'सभासदत्व बंद' एवढेच लिहिले जाते.

ही गोष्ट तांत्रिक नाही असे कोणी म्हणेल. पण तिच्यावर तांत्रिक उपाय आहे आणि तो आपल्याला माहीत पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर गटाऐवजी 'ब्रॉडकास्ट' यादी करता येते. एका यादीत २५६ जणींपर्यंत नावे घालता येतात. निरोप प्रत्येकीला वेगवेगळा जातो, एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही, आणि उत्तर दिले तर ते फक्त वाचनालयाला मिळते. अट एकच, की त्या बाईने वाचनालयाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला असावा. २०२३ पासून भारतात 'चॅनेल'चीही सोय आली आहे. तिथेही अनुसरणाऱ्यांचे नंबर एकमेकींना दिसत नाहीत. आपल्याला गटात कोणी घालावे हेही प्रत्येकीला फोनच्या सेटिंगमध्ये ठरवता येते. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने हे स्वतःच्या हाताने करून पाहावे, मुलाला करायला सांगू नये.

वाचनालयाचा फोन ग्रंथपालाच्या खाजगी नंबरावर नसावा, वेगळे सिम घ्यावे. पाठलाग करणे, बाईने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा २०१३ पासून गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि महिला मदतीसाठी १८१ हे क्रमांक वाचनालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. मुलीचा फोन काढून घेणाऱ्या भावाशी बोलायला मात्र कोणताही क्रमांक उपयोगी पडत नाही. तिथे गटातल्या चारजणींनी घरी जावे लागते. आम्ही गेलो. तीन खेपा झाल्या तेव्हा ती मुलगी आईबरोबर पुन्हा वाचनालयात येऊ लागली. फोन अजून तिच्या हाती नाही. लढाई अर्धीच झाली आहे.

याच्याशीच जोडलेला प्रश्न वाचणारीच्या खाजगीपणाचा. कोणती बाई काय वाचते, हे गटावर जाहीर करायचे नाही. "या महिन्यात सर्वात जास्त पुस्तके वाचणाऱ्या सभासद" असा फोटो टाकताना आपल्याला कौतुक वाटते. पण जी घटस्फोटाच्या कायद्याचे पुस्तक नेते आहे, तिच्या सासरी ते कळले तर? फोटो टाकण्याआधी विचारायचे. नाही म्हटले तर कारण विचारायचे नाही.

आता पाठवायचे काय, ते बघू. सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार पाठवून वाचक वाढत नाहीत. कंटाळून लोक निरोप बघणेच सोडतात. आम्ही आठवड्याला दोनच निरोप पाठवतो. एक पुस्तकाची ओळख, दहा मिनिटांच्या आत, बोलून. कारण भाकरी थापताना बाई ऐकू शकते, वाचू शकत नाही. दुसरा, एखाद्या योजनेची किंवा कायद्याची माहिती, तीही तपासून घेतलेली. खोट्या बातम्या फोनवर इतक्या फिरतात की "हे खरे आहे का?" असे विचारायला गावाला एक जागा हवी. ती जागा वाचनालयाने व्हावे.

पण सावध राहायचे. पुस्तकाचे पानन् पान फोटो काढून पाठवणे, पीडीएफ फिरवणे हे कायद्याला धरून नाही, आणि लिहिणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय देणारेही आहे. आपल्याकडे लेखिकेच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तिच्या लेखनावर हक्क राहतो. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' यांची ओळख करून द्या, पुस्तक वाचनालयातून न्यायला सांगा, पण अख्खे पुस्तक वाचून पाठवू नका. जुने लेखन मात्र खुले आहे. सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक यांचे मूळ लेखन आपण मोठ्याने वाचून पाठवू शकतो. विदर्भाच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ सालचे. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले. ताराबाईंचा मजकूर खुला आहे, मालशे यांची प्रस्तावना नाही, एवढा फरक लक्षात ठेवायचा. आम्ही ते दररोज थोडे थोडे वाचून पाठवले, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "इतक्या वर्सांआंधी लिवलं थे? मंग आपुन आजूनबी थेच कावून बोलतो?" एका पुस्तकाला त्याचा वाचक मिळणे म्हणजे हेच.

शेवटचा मुद्दा. बाईने फक्त ऐकायचे, निरोप फक्त आपण पाठवायचे, असे झाले तर आपणही बाकावर बसलेल्या त्या मंडळींसारखेच. पवनारला विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तिथल्या बहिणींनी स्वतः खिळे जुळवून 'मैत्री' मासिक छापले. साधन हातात घेतले की बाईचा शब्द बाहेर पडतो. आपल्या जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. ती कागदावर किती आणि गावात किती, हे आपल्याहून जास्त कोणाला माहीत? गुत्त्यांवर मोर्चे नेलेल्या बायका आज सत्तरीत आहेत. त्यांचे बोलणे मोबाईलवर टिपून घ्या. त्यांना आधी विचारा, नाव द्यायचे का ते त्यांनाच ठरवू द्या. मग ते वाचनालयात जपून ठेवा, फक्त फोनमध्ये नाही. कंपनीच्या मालकीच्या जागेत आपला इतिहास ठेवून चालणार नाही. तिचे नियम कधी बदलतील सांगता येत नाही. कागदावर उतरवून फाईल करा, एक प्रत कपाटात ठेवा.

आज उठण्याआधी चार गोष्टी ठरवू या. आपापल्या गावातल्या वाचनालयाच्या संचालक मंडळावर बायका किती आहेत ते विचारायचे, आणि नसतील तर सभासद होऊन निवडणुकीला उभे राहायचे. दुपारी दोन तास वाचनालय उघडे ठेवायची मागणी लेखी द्यायची. सभासदांचे नंबर सगळ्यांना दिसतील असा गट असेल तर तो बंद करायला लावायचा. आणि प्रत्येकीने शेजारच्या एका बाईला, जिच्याकडे फोन नाही तिला, या महिन्यात एक पुस्तक नेऊन द्यायचे. पुढच्या बैठकीला कोणी काय केले ते सांगायचे. अर्ज नाकारला असेल तर तोही घेऊन या. सगळे अर्ज एकत्र करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आपण मिळूनच जाऊ.