खाच आणि दोरी

(आणे येथील तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आणे म्हटलं की लोकांना रंगदास स्वामींची जत्रा आणि आमटी-भाकरी आठवते. आज आपण या पठारावर जमिनीच्या कामाला जमलो आहोत. सकाळी सातबारा, दंडाच्या पावत्या, पंचनामा यांवर बोलणं झालं. आता आम्हाला तीरकमठ्यावर बोलायला सांगितलंय. जमिनीच्या शिबिरात तीरकमठा कशाला, असं काहींनी विचारलं. कारण सरळ आहे. पुढच्या महिन्यात जुन्नरला मोर्चा आहे. मोर्चाच्या पुढं तीरकमठे असणार. आणि ते हातात धरणाऱ्या आपल्या कितीतरी पोरांना बाण दोरीवर कसा बसतो हेच माहीत नाही. शोभेसाठी धरलेलं हत्यार सगळ्यात धोक्याचं.

म्हणून आधी खाच समजून घेऊ. बाणाच्या शेपटीला, पिसांच्या मागं, जी चीर असते ती खाच. दोरी तिच्यात बसते. कमठा कितीही चांगला असला, टोक कितीही धारदार असलं, तरी खाच आणि दोरी यांचं जमलं नाही तर सगळं फुकट.

खाच सैल असली तर ओढता ओढता बाण दोरीवरून निसटतो. दोरी मोकळी सुटते आणि सगळा जोर कमठ्यावरच उलटतो. कमठा तडकतो, कधी मोडतो. बाण कुठं जाईल ते सांगता येत नाही. खाच घट्ट असली तर दोरी ती रुंदावायला बघते, शेपूट चिरते. शिवाय बाण दोरीवरून नीट सुटत नाही, जाताना हलतो आणि नेम चुकतो.

मग बरोबर कसं ओळखायचं? कमठा आडवा धरा, दोरी खाली. बाण खाचेनं दोरीत अडकवा आणि सोडून द्या. बाण आपल्या वजनानं लोंबकळत राहिला पाहिजे. मग दोरीवर बोटानं हलकी टिचकी मारा. टिचकीसरशी बाण खाली पडला तर खाच बरोबर. टिचकीआधीच पडला तर सैल. दोन-तीनदा मारूनही पडला नाही तर घट्ट.

घट्ट खाच सुरीनं कोरत बसू नका. काचकागदाची बारीक घडी करून आत दोन्ही बाजूंनी सारखी घासा. चार वेळा घासा, टिचकी मारून बघा, परत चार वेळा घासा. खाचेचा तळ गोल ठेवा. तळ टोकदार राहिला तर बांबू तिथूनच फाटतो. खाच पेराच्या गाठीला लागून घ्यावी, म्हणजे चीर गेली तरी गाठीवर अडते. गाठीखाली सुताचे चार वेढे घट्ट बांधून मेण लावावं.

सैल खाच दाबून, बांधून लहान करायला जाऊ नका, ती फुटते. खाच मोठी असेल तर दोरी जाड करायची. बाण जिथं बसतो तेवढ्याच जागी दोरीवर सुताचे वेढे द्यायचे. एक थर द्या, टिचकी मारून बघा, लागला तर दुसरा द्या. बाण बसायची जागाही त्यानं पक्की होते, दर वेळी वरखाली होत नाही.

आता दोरीचं. घायपाताचा किंवा अंबाडीचा वाख पावसात ओल धरतो आणि फुगतो. उन्हाळ्यात बरोबर बसलेली खाच आषाढात घट्ट होते. पीळ सुटत आलेल्या दोरीचंही माप बदलतं. म्हणून एकदा जमवली की झालं असं नाही. दर वेळी हात लावायच्या आधी टिचकी मारायची.

आणखी एक. बरीच पोरं बाणाची शेपूट चिमटीत धरून ओढतात. चिमटीत धरलेला बाण सैल असला तरी कळत नाही, कारण त्याला खाच नाही तर बोटं धरून ठेवतात. बोटांनी दोरी ओढायची. पहिलं बोट आणि मधलं बोट दोरीवर, बाण दोघांच्या मध्ये. मग बाण खाचेच्याच भरवशावर राहतो.

हे सगळं शिकायचं ते शिकारीसाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. आपण गवताच्या भाऱ्यावर नेम धरायचा. राजस्थानात उदयपूरकडचा लिंबाराम हा आदिवासी पोरगा बांबूच्या कमठ्यावर शिकला आणि १९८८ ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये देशातर्फे उतरला. ही विद्या आपली आहे. ती नीट आली पाहिजे.

आता मोर्चाचं बोलू. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलवाड्याला १९४५ च्या ऑक्टोबरात गोदावरीबाई परुळेकरांची सभा आहे असा खोटा निरोप पसरवला गेला. वारली जमले, आणि जमले म्हणून त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. त्यांनी काय केलं होतं? नुसते गोळा झाले होते. समोरच्याला निमित्त लागतं. आपल्या मोर्चात सैल खाचेचा एक बाण निसटला, कुणाला लागला किंवा नुसता रस्त्यावर पडला, तरी दुसऱ्या दिवशी पेपरात जमिनीचं एक अक्षर येणार नाही. आदिवासींनी बाण मारला, एवढंच येईल.

आणि आपलं मागणं तर साधं आहे. ३१ मार्च १९७८ पर्यंत कसत असलेले वनजमिनीचे प्लॉट कायम करायचं सरकारनंच ठरवलं. पुढं १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि किती कुटुंबांचं काम लटकलं. ते सोडवायला आपण जातोय. ते एका बाणापायी घालवायचं नाही.

म्हणून ठरवू या. मोर्चात कमठ्याची दोरी एका टोकाला सोडलेली राहील. बाण वेगळे, जुडी बांधून, म्हाताऱ्या माणसाच्या हाती. दोरीवर बाण कुणीही चढवायचा नाही, फोटोवाल्यानं सांगितलं तरी नाही. ज्याला टिचकीची परीक्षा करून दाखवता येत नाही त्यानं कमठा न धरता झेंडा धरावा. झेंडाही तेवढाच मानाचा आहे.

जेवण झाल्यावर सगळ्यांनी आपापले कमठे आणि बाण घेऊन वडाखाली यावं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, तिन्हीकडची जाणती माणसं बसणार आहेत. ती एकेक बाण लावून बघतील. नापास झालेला बाण मागं ठेवायचा, त्यात लाज नाही. मुलींनीही यायचं आहे. सूत, मेण आणि काचकागद आम्ही आणलाय.

जिंदाबाद!