एकच गिटार, सात आवाज: पिकअपच्या वायरिंगची गोष्ट

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. वणीकडच्या एका पोट्ट्यानं विचारलंय, "दादा, स्ट्रॅटसारखी स्वस्तातली गिटार आहे, तीन पिकअपवाली. नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवायचं आहे. दुसरी गिटार मागितली तर बाबा म्हणतात, कापूस विकला की पाहू. याच गिटारीतून वेगळा आवाज निघेल का?"

आता कापूस घरात येतो दिवाळीच्या आसपास आणि नवरात्र त्याच्या आधी. आपल्या यवतमाळचा दुर्गोत्सव कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. त्या स्टेजवर एकाच गिटारीतून कव्वालीही काढायची, गरबाही काढायचा आणि रॉकही. तर हो भाऊ, निघेल. एक छोटा स्विच आणि दोन वायरी लागतील.

आधी पिकअप म्हणजे काय ते पाहू. चुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. ही तार केसाइतकी बारीक असते. पोलादी तार वरून थरथरली की कॉइलमध्ये बारीकसा करंट तयार होतो. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्टीत जो बेंजो वाजतो ना, त्यालाही पिकअप लावूनच तो रस्त्यावर गाजतो. तत्त्व तेच. म्हणून नायलॉनच्या तारांवर हा पिकअप चालत नाही, कितीही जोरात वाजवा.

स्ट्रॅटमध्ये असे तीन पिकअप. मानेजवळचा आवाज गोल, ब्रिजजवळचा टोकदार, मधला मधला. 1954 साली ही गिटार आली तेव्हा तिला तीनच जागांचा स्विच होता. वाजवणाऱ्यांनी पाहिलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकदम चालू राहतात आणि भलताच छान, पोकळ आवाज येतो. लोक वर्षानुवर्षं स्विच असा अडकवून वाजवत राहिले. कंपनीनं पाच जागांचा स्विच दिला तो 1977 मध्ये. म्हणजे तुमच्या गिटारीतली दोन नंबरची आणि चार नंबरची जागा ही वाजवणाऱ्यांच्या खटपटीतून आलेली आहे.

पण या पाच जागांत मानेजवळचा आणि ब्रिजजवळचा पिकअप एकत्र कधीच येत नाही. तिन्ही एकदमही येत नाहीत. आपल्याला तेच करायचंय.

एक साधा ऑन-ऑफ टॉगल स्विच घ्या, लहान. गिटारीच्या पाच जागांच्या स्विचवर मानेच्या पिकअपची गरम वायर जिथं जोडली आहे, तिथून एक वायर टॉगलच्या एका पायाला. टॉगलच्या दुसऱ्या पायातून दुसरी वायर स्विचच्या कॉमन पायाला, म्हणजे जिथून पुढं व्हॉल्यूमकडं वायर जाते तिथं. झालं! टॉगल ऑन केला की मेन स्विच कुठंही असो, मानेचा पिकअप चालूच राहणार.

मग पाच दुणे दहा आवाज का नाही? कारण टॉगल ऑन असताना मेन स्विच मानेवर असेल तर काही बदलत नाही. मान आणि मधला अशा जोडीवर असेल तरी नाही. फक्त मधल्यावर असेल तर तीच जुनी जोडी मिळते. नवीन मिळतात दोनच: मान अधिक ब्रिज, आणि तिन्ही एकत्र. पाच आणि दोन, सात. "दहा आवाज" म्हणून कोणी व्हिडिओत सांगत असेल तर त्याला मोजायला लावा.

[ऑडिओत इथे आधी फक्त ब्रिज आणि मग मान अधिक ब्रिज वाजवून दाखवलं आहे.]

ऐकलंत? दुसरा आवाज टेलिकास्टरच्या मधल्या जागेसारखा, स्वच्छ, खणखणीत. गायकामागं कॉर्ड वाजवायला मला हाच सगळ्यात जास्त आवडतो. तिन्ही एकत्र खरं सांगायचं तर ठीकठाक आहे, रोज लागणार नाही.

आणि हा आवाज अगदीच बारीक, नाकातून आल्यासारखा वाटला तर? मग एक पिकअप उलट्या फेजमध्ये आहे. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, दोघं एकमेकांना खातात. त्या एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा, भरतो आवाज. पिकअपवर धातूचं कव्हर किंवा वायरीवर जाळी असेल तर मात्र अदलाबदल करू नका, ते सगळं गरम बाजूला जाईल आणि घरघर वाढेल.

काही लोक फेज मुद्दाम उलटी करतात. क्वीन बँडचा ब्रायन मे आठवा. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. तर हा ब्रायन मे. घरी फेंडर घ्यायला पैसे नव्हते. 1963 मध्ये त्यानं आणि त्याच्या वडिलांनी गिटार घरीच बनवायला घेतली, साधारण दोन वर्षं लागली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. पण कमाल वायरिंगमध्ये आहे. तीन पिकअप, प्रत्येकाला एक ऑन-ऑफ स्विच आणि एक फेजचा स्विच. सहा स्विच! आणि पिकअप सिरीजमध्ये.

सिरीज म्हणजे टॉर्चमधल्या सेलसारखं, एकामागं एक. आवाज मोठा आणि जाड होतो, पण चकाकी कमी होते. तुमच्या स्ट्रॅटमध्ये ते पॅरलल आहेत, शेजारी शेजारी. सहा-सहा किलोओहमचे दोन पिकअप सिरीजमध्ये बारा दाखवतील, पॅरललमध्ये तीन. स्वस्त मल्टिमीटरनं मोजून पाहा, मजा येते. सिरीजसाठी सहा पायांचा स्विच लागतो आणि स्ट्रॅटमध्ये ते जरा गुंतागुंतीचं होतं. पहिल्याच वेळी त्याच्या नादी लागू नका, नवरात्र तोंडावर आहे.

आता सामान. खास गिटारीचं दुकान शोधत दीडशे किलोमीटर नागपूरला जायची गरज नाही. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या भाऊकडं टॉगल मिळतो. व्हॉल्यूमचा पॉट बदलायचा असेल तर नीट सांगून घ्या: 250के किंवा 500के. अँपवाल्या दुकानात 10के आणि 100के पडलेले असतात. दहावाला लावला तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होईल. 500केनं आवाज जास्त उघडा, 250केनं जरा मऊ. टोनच्या कपॅसिटरवर 473 लिहिलं असेल तर तो 0.047 मायक्रोफॅरड, 223 म्हणजे 0.022. पहिल्यानं टोन बंद केल्यावर आवाज जास्त दबतो. मला विचाराल तर 223 लावून पाहा, दोन-चार रुपयांचा प्रयोग आहे.

पॉटच्या पाठीवर सोल्डर मारताना बारीक आयर्न थंड पडतो. 40 वॅटच्या पुढचा घ्या, पत्रा आधी सॅंडपेपरनं घासा, टेकवा, सोल्डर वितळलं की लगेच उचला. स्विचच्या प्लास्टिकवर रेंगाळू नका. आणि काहीही उपसण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा, जवळून.

आता थोडं गंभीर. सिंगल कॉइल पिकअप घरातली 50 हर्ट्झची घरघर पकडतो. मंडपात एलईडीच्या माळा आणि डिमर असतात, तिथं तर जास्तच. दोन आणि चार नंबरच्या जागेवर घरघर कमी होत असेल तर तुमचा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, चांगली गोष्ट. आपल्या नव्या मान-ब्रिज जोडीत मात्र ती साधारणपणे राहते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणं नॉर्मल आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या आहेत का ते तपासा.

घरघर जावी म्हणून अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायची, हा उद्योग अजिबात करू नका. गिटारीच्या तारा वायरिंगमधून थेट अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अँपला अर्थिंग नाही, माइक दुसऱ्या लाइनवर, हात तारांवर आणि ओठ माइकला लागले, की झटका बसतो. असा झटका जिवावर बेतू शकतो. मंडपात जनरेटर असो की मीटरवरून ओढलेली लाइन, आधी टेस्टरनं माइकची जाळी तपासा, मग गायला उभे राहा. मंडळातल्या मोठ्यांना "अर्थिंग आहे का?" विचारायला लाजू नका.

तारा चढवायच्या आधी एक चाचणी करा. गिटार अँपला लावा, आवाज बारीक ठेवा, आणि स्क्रूड्रायव्हरनं प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करा. मेन स्विच ब्रिजवर, टॉगल ऑफ: फक्त ब्रिज टकटकला पाहिजे. टॉगल ऑन: ब्रिज आणि मान दोन्ही, मधला गप्प. मेन स्विच दोन नंबरवर, टॉगल ऑन: तिन्ही. एवढं जुळलं की प्लेट बंद करा आणि तारा चढवा. तुमचा आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तेव्हा हंबकर उघडायचा की नाही यावर बोलायचंय. तोवर उघडू नका!