शाकारणीला कोण येणार?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तुझ्या यशाच्या प्रवासावर बोल," असं मला कळवलं होतं. मी पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करते, एवढाच तो प्रवास. त्यात सांगण्यासारखं फार नाही. त्या प्रवासाला ज्यांनी होडीत बसवलं, त्यांच्याबद्दल मात्र बोलायचं आहे.

आपल्या वेळी शाळेवर कौलं होती. वर्षभर वानर त्यांवर उड्या मारायचे आणि मे महिन्यात निम्मी कौलं फुटलेली असायची. मग एका रविवारी शाकारणी व्हायची. वाडीतल्या घरटी एक माणूस यायचा. पुरुष छपरावर चढायचे, बायका खाली पातेरा झाडायच्या आणि आम्ही पोरं रांग करून कौलं हातोहात वर द्यायचो. दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर. मजुरी कोणी घेतली नाही आणि हजेरी कोणी मांडली नाही. शाळेच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. ती असायलाच हवी. पण छपरावर चढणाऱ्यांची नावं तिच्यावर नाहीत. त्यांत माझे बाबाही होते.

खाडीपलीकडच्या मुलांना एक होडीवाले काका आणायचे. मोठ्यांकडून पैसे घ्यायचे, दप्तरवाल्यांकडून नाही. आणि आमच्या आवाठात एक ताई होती. बारावी होऊन घरीच होती. 1996 साली मी दहावीला असताना दिवाळीच्या सुट्टीत तिने आम्हा सहाजणींना पडवीत बसवून बीजगणित शिकवलं. कंदिलाची काच पुसायचं काम आळीपाळीने आमच्याकडे, तेवढीच तिची फी. ती शिकवणी नसती, तर मी अभियांत्रिकीच्या वाटेला गेलेच नसते.

आपल्या तालुक्यात शाळा अशाच उभ्या राहिल्या. मालवणातल्या हायस्कूलला ज्यांचं नाव आहे, त्या अनंत शिवाजी देसाई टोपीवाला यांच्या घराण्याचं नाव मुंबईत नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. मुंबईत कमवायचं आणि गावच्या शाळेची आठवण ठेवायची, ही चाकरमान्यांची जुनी रीत. कोकण बोर्ड 2012 साली वेगळं झालं. तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण राज्यात पहिलं येतं आणि आपण पेपर पुढ्यात घेऊन अभिमानाने वाचतो. त्या टक्क्यांत किती पडव्या आणि किती कंदील मोजलेले असतात, ते पेपरात छापून येत नाही.

आता माझी एक चूक सांगते.

2020 साली शाळा बंद झाल्या. मुलं रेंज शोधत डोंगरावर चढतात, अशा बातम्या यायला लागल्या. आम्ही पाच वर्गमित्रांनी पैसे काढून टॅबलेट घेतले. त्यांत घालायला सरावाची प्रश्नावली मी रात्री जागून तयार केली आणि सगळं गावी पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले, अंगठे आले, आम्ही खूश! 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. खांब पडले, माड पडले, कित्येक दिवस वीज नव्हती. प्रवास सुरू झाल्यावर मी आले, तेव्हा टॅबलेट लोखंडी कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते. दोघांच्या बॅटऱ्या फुगलेल्या. वाडीत रेंज नव्हतीच. दोष कोणाचाच नाही, आमचाच. कामाच्या ठिकाणी मी नव्या मुलांना रोज सांगते, वापरणाऱ्याला आधी विचारा, मग बांधायला घ्या. इथे मी एक फोनसुद्धा करून विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आठ-नऊ मुलं वाचत बसलेली दिसली. मध्ये आमच्याच आवाठातली एक वयनी. सकाळी बाजारात मासे विकते, संध्याकाळी मुलं घेऊन बसते. मी विचारलं, "तुमका काय पाठवू?" ती म्हणाली, "गो बाय, वस्तू ठेवूक जागा आसा. पोरांजवळ बसाक माणूस खय आसा?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी एक वार मागून घेतला. गेली दोन वर्षं दर गुरुवारी सात ते आठ मी फोनवर दोन मुलांबरोबर वाचते. आता देवळाजवळ बोलण्यापुरती रेंज येते. बालभारतीचं एकच पुस्तक त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. पाचवीतल्या एका मुलाला जोडाक्षरं येत नव्हती. त्याला अकरा महिने लागले. परवा त्याने एसटीच्या पाट्या एकामागून एक वाचून दाखवल्या आणि कंडक्टरचा ओरडाही खाल्ला. दुसरी मुलगी होती, ती आईबरोबर कामासाठी दुसरीकडे गेली. कुठल्या शाळेत घातली, कळलं नाही. तिची वही वयनीने जपून ठेवली आहे. सगळ्याच गोष्टी गोड संपत नाहीत, हेही सांगायला हवं.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के जागा पालकांना दिल्या, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असंही सांगितलं. कायद्याने खुर्ची दिली, तिच्यावर बसायला माणूस आपल्यालाच द्यायचा आहे. वाड्यावाड्यांतल्या प्राथमिक शाळांचा पट वीसच्या खाली घसरतो आहे. आपल्या शाळेच्या पाचवीत मुलं तिथूनच येतात. पट घसरला की शाळा बंद होण्याची धास्ती, आणि ती बंद झाली की सहा वर्षांच्या पोरीला पावसात दूरची वाट. तिथे आत्ता कोणी जवळ बसलं नाही, तर पुढच्या मेळाव्याला इथे बसायला कोण असेल?

माझं मागणं छोटं आहे. देणगी द्याच, पण आधी बाईंना, गुरुजींना विचारा, काय हवं आहे. गावात राहता, तर आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. मुंबई-पुण्यात असाल, तर एक तास फोनवर. गणपतीला, मे महिन्यात येता, त्यातले दोन दिवस शाळेचे. जेवढं वर्षभर निभेल तेवढंच कबूल करा. मुलं वाट बघतात आणि आपण आलो नाही, तर तेही शिकतात.

शाळेवर आता स्लॅब पडला. कौलं गेली आणि शाकारणीही गेली. पण तो रविवार आपण परत आणू शकतो.

बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: नाव, वार, काय करणार. गुरुवारपुढे मी माझं नाव लिहिलं आहे. मंगळवारी वयनीला जाळ्यांचं काम असतं, तो वार रिकामा आहे. जेवायला जाण्यापूर्वी एकदा तिकडे जा.