छाटणीचे दिवस

शहरांतील घराभोवतीं जी थोडीबहुत जागा उरते तींत आपण हौसेनें गुलाब, मोगरा, जास्वंद लावतों. परंतु कात्री हातीं घ्यायची वेळ आली कीं मन कचरतें. संध्याकाळीं झाडाच्या पानासही हात लावूं नये, अशी घरोघरची शिकवण. ती मला प्रियच आहे. पण या झुडुपांना फूल येतें तें नव्या फुटीवर. तेव्हां ज्या हातानें जुनी फांदी राखली, त्यानेंच फूल नाकारलें असें होतें.

पुण्याकडील हवेंत गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरांत करावी. वाळलेल्या, रोगट व एकमेकींस घासणाऱ्या काड्या बुडापासून काढाव्या. उरलेल्या जोमदार फांद्या, बाहेरच्या अंगास वळलेला डोळा पाहून त्याच्या वर पाव इंचावर तिरक्या कापाव्या. आंतल्या बाजूचा डोळा राखला तर फूट झुडुपाच्या पोटांत शिरते. तेथें ऊनवारा खेळत नाहीं व भुरीस आयतेंच घर मिळतें. सहासात आठवड्यांत फुलें दिसूं लागतात. कलमाच्या जोडाखालून येणारा फुटवा मात्र खुंटाचा असतो. तो दिसतांच काढावा. नाहींतर दोनतीन वर्षांत गुलाब जाऊन खुंटच माजतो.

मोगऱ्याची तऱ्हा निराळी. त्यास आधीं उपाशी ठेवावें लागतें. डिसेंबरांत पाणी हळूहळू तोडावें, पानें गळूं द्यावीं; जानेवारीअखेर झुडूप दीड फुटांवर छाटून, बुडाची माती हालवून, कुजलेलें शेणखत घालावें आणि मग पाणी सुरू करावें. बारा महिने नेमानें पाणी घालणाऱ्या प्रेमळ घरीं मोगरा हिरवागार असूनहि फुलत नाहीं, याचें कारण पुष्कळदां हेंच. ऊन नसेल तर अर्थात् कोणताच उपाय चालत नाहीं.

बोगनवेलहि अशीच तहानेवर फुलते. तिच्या रंगीत पाकळ्या खरोखर पाकळ्या नव्हेत, तीं फुलाभोवतींचीं पानें. फूल म्हणजे मधली इवलीशी पांढरट नळी. बहर ओसरला कीं तिचे लांबलेले शेंडे खुशाल मागें घ्यावे.

कण्हेर छाटाल तेव्हां मात्र मुलांना दूर ठेवा. तिचें पान, फूल, काडी, सर्वच विषारी. कापलेल्या काड्या अंगणांत पडूं देऊं नयेत, त्या जाळूंहि नयेत, कारण धूरही बाधतो. आणि काम संपतांच हात व कात्री दोन्हीं स्वच्छ धुवावीं.