एक पान, दोन भाषा

(शाळेच्या मराठी दिनी मुलांसमोर केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका वर्तमानपत्राविषयी सांगणार आहे. त्याचे नाव 'दर्पण'. दर्पण म्हणजे आरसा. बाळशास्त्री जांभेकर यांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. ते मराठीतील पहिले वर्तमानपत्र म्हणून ओळखले जाते. बाळशास्त्री कोकणातील पोंभुर्ले गावचे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही कोकणातूनच जहाजाने मॉरिशसला आले.

'दर्पण'च्या पानावर दोन उभे रकाने असत. एका रकान्यात मराठी मजकूर असे आणि शेजारी तोच इंग्रजीत. असे का बरे? त्या वेळी मुंबईवर इंग्रजांचे राज्य होते. आपल्या लोकांना जगातील नवे ज्ञान मराठीतून मिळावे आणि लोकांचे म्हणणे इंग्रजांनाही कळावे, अशी बाळशास्त्रींची इच्छा होती.

मुलांनो, तुमच्या मनातही असे रकाने आहेत. घरी क्रिओल, वर्गात इंग्रजी व फ्रेंच आणि मराठीच्या तासाला मराठी! पण हे रकाने अगदी सारखे नसतात. आजीच्या घरून निघताना आपण क्रिओलमध्ये म्हणतो, 'मो पे आले.' म्हणजे 'मी जात आहे.' मराठीत मात्र 'येतो' किंवा 'येते' म्हणतात. जाताना 'येतो' कसे? कारण 'मी पुन्हा येईन' हे वचन त्यात असते. शब्दाला शब्द ठेवला, तर ते वचन हरवते.

आपल्या बेटावर घरात मराठी बोलणारे आता थोडेच आहेत. एखादा रकाना कोणी वाचलाच नाही, तर तो हळूहळू कोरा होतो. म्हणून दोन भाषांतले पुस्तक हाती आले, की सोपा रकाना हाताने झाका. आधी मराठी वाचा. अडले, तरच हात उचला. एक भाषा दुसरीला मदत करील. पण तिची जागा घेणार नाही.

आज घरी निघताना गुरुजींना काय म्हणाल?

शाब्बास! मीही तेच म्हणतो. येतो, मुलांनो!

स्वाध्याय
१. 'दर्पण' कोणी व केव्हा सुरू केले?
२. 'दर्पण'मध्ये दोन रकाने का होते?
३. घरातून निघताना तुम्ही काय म्हणता? ते दोन भाषांत शेजारी शेजारी लिहा.