कबड्डीचा हंगाम कोणाच्या सोयीचा?



देवळाली प्रवरेसारख्या गावात कबड्डी म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. पटांगणावर फक्कीच्या रेषा ओढल्या की माणसे आपोआप गोळा होतात. विचार करावयाचा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. या खेळाचा व्यावसायिक हंगाम कधी भरावा, कोठे भरावा आणि जयपराजयाचा हिशेब कसा मांडावा, हे ठरविताना प्रेक्षक नावाच्या माणसाला कधी कोणी विचारले काय?

प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत झाला. या लीगने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पहिल्या लिलावात राकेश कुमार याची बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती आणि तीच सर्वांत मोठी होती. २०२३ साली पवन सेहरावत याच्यावर २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम लागली. शेतमजुराचा अथवा हवालदाराचा मुलगा खेळाच्या बळावर घर बांधू शकतो, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु २०१५ मध्ये स्टार इंडियाने लीग चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स कंपनीतला ७४ टक्के हिस्सा घेतला. सामने दाखविणारा आणि सामने भरविणारा एकच झाला. तेव्हापासून हंगामाचे पंचांग दूरचित्रवाणीच्या कचेरीत लिहिले जाते आहे. २०१६ मध्ये एकाच वर्षात दोन हंगाम झाले. २०१७ मध्ये संघ ८ चे १२ झाले आणि हंगाम तीन महिने लांबला. पुढे तो कधी जुलैत, कधी ऑक्टोबरात, कधी डिसेंबरात सुरू झाला. २०२५ मध्ये २९ ऑगस्टला. वारकऱ्याला आषाढी कधी येणार हे ठाऊक असते. कबड्डीच्या भक्ताला तेवढीही खात्री उरलेली नाही.

वेळेपेक्षा जागेचे दुखणे मोठे आहे. दहावा हंगाम बाराही संघांच्या शहरांतून फिरला आणि १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने तो जिंकला. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीन ठिकाणी आटोपला. बाराव्यासाठी विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली निवडली गेली. ज्या महाराष्ट्राने या खेळाला नियमांची शिस्त लावली, जेथे बुवा साळवींचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, त्या महाराष्ट्रात एकही सामना नाही! देवळालीहून पुणे सुमारे दीडशे किलोमीटर. एस. टी.ने सकाळी निघालेला माणूस सामना पाहून दुसऱ्या दिवशी कामावर परत येऊ शकतो. चेन्नईला तो कसा जाणार?

या व्यवस्थेचा अन्याय त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात उघडा पडला. पुणेरी पलटण साखळीत अग्रस्थानी होती. तिचा कर्णधार अस्लम इनामदार याच अहिल्यानगर जिल्ह्याचा. घरच्या मैदानावर एकही सामना न खेळता हा संघ अंतिम फेरीत पोहोचला, आणि ती फेरी होती दिल्लीत, दबंग दिल्लीविरुद्ध, दिल्लीच्याच प्रेक्षकांपुढे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्ली ३१-२८ अशी जिंकली. दिल्लीचा संघ चांगला होता, त्याचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. पण तीन गुणांनी हरलेल्या संघाच्या चाहत्याला, हा सामना बालेवाडीत झाला असता तर, असे वाटले तर त्याला रडका कोणी म्हणू नये.

आता हिशेबाकडे वळू. पूर्वी प्रत्येक संघ उरलेल्या अकराही संघांशी दोनदा, म्हणजे २२ सामने खेळे. बाराव्या हंगामात ते १८ वर आले. अकरा प्रतिस्पर्धी आणि अठरा सामने यांचा मेळ सरळपणे बसत नाही. सर्वांशी एकदा खेळल्यावर उरतात सात. म्हणजे काहींशी दोनदा गाठ, काहींशी एकदाच. आणि गुणतक्ता मात्र सर्वांना एकच. शिवाय विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात अथवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास १ गुण, ही जुनी पद्धत मोडून विजयाला २ आणि पराभवाला शून्य असे ठरले. तो एक गुण हरणाऱ्या संघालाही शेवटच्या चढाईपर्यंत झुंजवीत असे. बाद फेरीचे दार मात्र सहाऐवजी आठ संघांना उघडले. साखळी आखूड आणि बाद फेऱ्या लांब, यात जाहिरातदाराचा लाभ सहज दिसतो.

बरोबरी फोडण्यासाठी पाच-पाच चढाया आणि नंतर सुवर्ण चढाई हा बदल तेवढा येथल्या माणसाला खटकत नाही. गावोगावच्या स्पर्धांतून तो ही रीत पाहत आला आहे. नव्याला नाक मुरडण्याची त्याला हौस नाही, हे यावरून कळावे.

असा प्रसंग इंग्लंडातल्या रग्बी लीगवरही आला होता. तो खेळच मुळी श्रमिकांच्या प्रश्नातून जन्मला. सामन्यासाठी कामावरची मजुरी बुडते, ती भरून द्यावी की नाही, या वादातून उत्तरेतले संघ २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे वेगळे झाले. शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, मर्डॉक यांच्या कंपनीने ८ कोटी ७० लाख पौंड पुढे केले आणि हिवाळ्यातला हा खेळ १९९६ पासून उन्हाळ्यात गेला. त्याच सौद्यात फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड या शेजारी गावांच्या संघांचे विलीनीकरण सुचविले गेले होते. खाणकामगारांच्या त्या वस्त्यांतले प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि विलीनीकरण बारगळले. ऋतू त्यांना वाचविता आला नाही. संघ वाचला.

देवळालीचा शेतकरी रात्री उसाला पाणी भरतो, कारण पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच असते. बांधावर मोबाईल ठेवून तो चढाई पाहतो. त्याचा मुलगा दिवाळीनंतर गावोगावच्या मैदानी स्पर्धांत उतरतो. हंगाम डिसेंबरात गेला की त्या स्पर्धांतले नावाजलेले खेळाडू नाहीसे होतात, आणि ऑगस्टात आला की गावच्या पटांगणात चिखल असतो. दोन्हीतले कमी वाईट कोणते, हे त्यालाच विचारून ठरविता येईल. मुलीचे तर विचारूच नये. २०१६ मध्ये महिलांचे तीन संघ घेऊन एक प्रयोग झाला आणि तेथेच थांबला. २०२५ च्या नोव्हेंबरात भारतीय महिलांनी ढाक्यात विश्वचषक जिंकला, तरी अशी लीग त्यांच्या वाट्याला आलेली नाही.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक संघाचे निदान चार सामने त्याच्या शहरात व्हावेत, अंतिम सामना साखळीत वर राहिलेल्या संघाच्या गावी व्हावा, सर्वांनी सर्वांशी सारखेच सामने खेळावेत, आणि तारखा वर्षभर आधी, राज्य संघटनांच्या स्पर्धा पाहून जाहीर व्हाव्यात. पत्रे लिहावयाची तर ती संघांच्या मालकांना आणि राज्य संघटनेला, दोघांनाही लिहावी लागतील. त्यांवर सह्या गोळा करण्याचे काम येथल्या तरुण मंडळांना गाळप सुरू होण्याआधीच उरकावे लागेल. एकदा उसाच्या गाड्या रस्त्यावर आल्या की सहीपुरता थांबायलाही कोणाला सवड नसते.